कार्सनचे तेरा

१३ जानेवारी २०२४

उद्दिष्ट आधी लिहून ठेवतो, म्हणजे पुढे फाटे फुटले तर कुठून फुटले ते कळेल. नेवाडातल्या कार्सन सिटीच्या टांकसाळीत पडलेले चांदीचे ‘मॉर्गन डॉलर’ जमवायचे, दर वर्षाचा एक. १८७८ ते १८८५ ही आठ वर्षं आणि १८८९ ते १८९३ ही पाच. मधली तीन वर्षं टांकसाळ थंड होती. एकूण तेरा. साच्यांच्या बारीकसारीक फरकांत शिरायचं नाही. सगळी नाणी कोरी हवीत असा हट्ट नाही. घासलेलं चालेल, पण खरं हवं आणि कुणी धुतलेलं नको.

हातात आज एक आहे, १८८४चा. पलीकडच्या घरातले आजोबा इथलं, कॅलिफोर्नियातल्या फॉल्समचं, घर विकून मुलीकडे राहायला निघाले. आवराआवरीत त्यांना काळी डबी सापडली. आत जाड प्लास्टिकच्या चौकटीत डॉलर, सोबत राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या संदेशाचं छोटं कार्ड. १९७३ साली टपालाने मागवला होता म्हणाले, तीस डॉलरला. मी बाजारभाव दाखवला. त्यांनी त्यात थोडं कमी करून दिला आणि वर लिंबांची पिशवी दिली.

नाणं रुपयाच्या मानाने चांगलंच थोराड. व्यास ३८.१ मिलिमीटर, वजन २६.७३ ग्रॅम, शंभरात नव्वद भाग चांदी आणि बाकी तांबं. पुढे डावीकडे पाहणारी स्वातंत्र्यदेवी. तिचा चेहरा जॉर्ज मॉर्गन या इंग्लंडहून आलेल्या कारागिराने फिलाडेल्फियाच्या अ‍ॅना विल्यम्स या शिक्षिकेवरून घेतला. मागे पंख पसरलेला गरुड, त्याच्याभोवती पानांची माळ, आणि माळेच्या गाठीखाली दोन इवलीशी अक्षरं : ‘सीसी’, म्हणजे कार्सन सिटी. सगळा खेळ या दोन अक्षरांचा.

२० जानेवारी

एक्सेल उघडली. पहिल्या रकान्यात वर्ष, दुसऱ्यात टांकसाळीने पाडलेली नाणी. तेरा वर्षांची बेरीज १ कोटी ३८ लाखांच्या वर जाते. मग वाटलं, यात दुर्मिळ काय आहे? एकट्या १८८९ साली फिलाडेल्फियाने २ कोटी १७ लाख पाडले हे खरं, पण कोटभर म्हणजेही काही मूठभर नव्हे.

तिसरा रकाना घातला तेव्हा डोकं चक्रावलं. १९६४च्या मार्चमध्ये अमेरिकी सरकारने नोटेच्या बदल्यात चांदीचे डॉलर देणं थांबवलं. तिजोऱ्या मोजल्या, तर कार्सनचे २८ लाखांवर डॉलर पोत्यांत तसेच पडलेले निघाले. बहुतेक बाजाराचा वाराही न लागलेले. पुढे १९७२ ते ७४ आणि पुन्हा १९८० साली सरकारच्या जनरल सर्व्हिसेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशनने ते काळ्या डब्यांत घालून टपालाने विकले. शेजारच्या आजोबांचा त्यातलाच. तर तिसऱ्या रकान्यात हे, सरकारकडे शिल्लक निघालेले :

१८८४ : पाडले ११,३६,०००, शिल्लक ९,६२,६३८
१८८५ : पाडले २,२८,०००, शिल्लक १,४८,२८५
१८८१ : पाडले २,९६,०००, शिल्लक १,४७,४८५
१८७९ : पाडले ७,५६,०००, शिल्लक ४,१२३
१८८९ : पाडले ३,५०,०००, शिल्लक १

एक! पोतं नाही, डबी नाही, एकच नाणं. १८९२ आणि १८९३चंही तसंच, एकेक.

म्हणजे तेरांत सगळ्यात कमी पाडलेला १८८५चा, पण पैसे मोजले तर तो कोरा करकरीत मिळतो. त्याच्या दीडपट पाडलेला १८८९चा मात्र घासूनपुसून गुळगुळीत झालेला असला तरी हातात धरायला छाती लागते. टांकसाळीच्या वहीवरून दुर्मिळता ठरत नाही तर. मग कशावरून ठरते? चौथ्या रकान्याचं डोकं लिहिलं, ‘गेले कुठे?’, आणि तो मोकळा सोडला.

११ फेब्रुवारी

१८८२ आणि १८८३, दोन्ही काळ्या डबीतले, एकाच व्यापाऱ्याकडून. यात सांगण्यासारखं काही नाही, पैसे दिले आणि आणले. योगायोग एवढाच की कार्सनच्या टांकसाळीतून पहिला डॉलर ११ फेब्रुवारीलाच पडला होता, १८७० साली. तो मॉर्गन नव्हे, त्याआधीचा बसलेल्या देवीचा. त्या जातीचे कार्सनने चारच वर्षं पाडले, आणि १८७१चे तर अवघे १,३७६. तिकडे बघायचंसुद्धा नाही.

१६ मार्च

१८७८. घासलेला, पण करडा रंग एकसारखा, गरुडाच्या छातीवरची पिसं थोडी दिसतात. आवडला. हा खिशात फिरलेला, खानावळीच्या टेबलावर आपटलेला डॉलर. काळ्या डबीतल्या डॉलरांनी जग पाहिलेलंच नाही.

वर्षही महत्त्वाचं. १८७३च्या कायद्याने अमेरिकेने चांदीचा नेहमीचा डॉलर बंदच केला होता. इकडे नेवाडाच्या खाणींतून चांदी उपसली जात होती आणि भाव पडत होता. खाणवाल्यांनी आणि शेतकऱ्यांनी ओरड केली, आणि २८ फेब्रुवारी १८७८ला ब्लँड-अ‍ॅलिसन कायदा झाला : सरकारने दरमहा वीस ते चाळीस लाख डॉलरची चांदी विकत घ्यायची आणि तिची नाणी पाडायची. लोकांना इतकी जड नाणी नकोच होती. त्यामुळे पाडायची, पोत्यात भरायची, तिजोरीत टाकायची, असा क्रम सुरू झाला. हजार डॉलरचं एक पोतं. आज आपल्याला कोरे डॉलर मिळतात ते या बिनकामाच्या उद्योगाच्या कृपेने.

रात्री आईशी व्हिडिओ कॉल. नाणं दाखवलं. तिचा पहिला प्रश्न, ‘किती तोळ्याचं?’ ग्रॅम सांगून उपयोग नव्हता. हिशेब केला : सव्वादोन तोळ्यांच्या किंचित वर. ‘मग ठीक आहे,’ म्हणाली. काय ठीक ते विचारलं नाही.

२५ मे

कार्सनवारी. हायवे ५० आमच्या घराजवळूनच जातो. तोच धरून वर चढायचं, टाहो तळ्याच्या काठाने जायचं, स्पूनर घाट ओलांडायचा की उतारावर कार्सन सिटी. अडीच तास. झाडं अचानक संपतात आणि राखाडी झुडपांचं माळरान सुरू होतं. बायको म्हणाली, माणदेशात आल्यासारखं वाटतं.

टांकसाळीची इमारत गावाच्या मुख्य रस्त्यावरच आहे. दुमजली, वालुकाश्माची, वर छोटा घुमटीवजा मनोरा. आराखडा सरकारी वास्तुरचनाकार अल्फ्रेड मुलेट यांचा, दगड तिथल्या तुरुंगाच्या खाणीतला. एब्राहम करी हा गाव वसवणारा गृहस्थ, आणि टांकसाळीचा पहिला अधीक्षकही तोच. १८५९ साली शेजारच्या डोंगरात, व्हर्जिनिया सिटीला, कॉमस्टॉकची चांदी सापडली. ती सिएरा नेवाडाचे घाट उतरवून सॅन फ्रान्सिस्कोला न्यायची म्हणजे खर्च आणि धोका. म्हणून १८६३ साली टांकसाळीला मंजुरी मिळाली आणि १८७०च्या जानेवारीत दार उघडलं.

आता तिथे नेवाडा राज्याचं संग्रहालय आहे. इमारत राज्याने १९३९ साली विकत घेतली, १९४१ साली संग्रहालय सुरू झालं. तळघरात खाणीचा बोगदा उभा केलाय. मुलगी त्यातच रमली, मी मात्र एका यंत्रापुढे तासभर उभा होतो.

‘क्रमांक १’चं नाणी पाडायचं यंत्र. सहा टनांच्या आसपास वजन, वर मोठी कमान, बाजूला चाक. फिलाडेल्फियाच्या मॉर्गन अँड ऑर कंपनीने बनवलेलं. (हा मॉर्गन वेगळा, डॉलर कोरणारा नव्हे. मीही आधी घोटाळा केला होता.) १८७८ साली, म्हणजे मॉर्गन डॉलर सुरू झाले त्याच वर्षी, यंत्राची कमान तडकली. दुरुस्ती केली व्हर्जिनिया अँड ट्रकी रेल्वेच्या कारखान्याने, आणि जाताजाता मूळ कंपनीची पितळी पाटी काढून स्वतःच्या नावाची ठोकून दिली. गावच्या मिस्तरीने इंजिन दुरुस्त करून त्यावर आपलं नाव रंगवावं, त्यातलाच प्रकार.

टांकसाळ बंद पडल्यावर यंत्र देशभर फिरलं. शेवटी राज्याने ते परत मिळवलं. १९६४ साली देशात नाण्यांचा तुटवडा पडला तेव्हा डेन्व्हरच्या टांकसाळीने ते उसनं मागून नेलं आणि त्यावर कोट्यवधी नाणी पाडली. आता ठरलेल्या दिवशी त्यावर हौशी लोकांसाठी चांदीच्या मुद्रा पाडतात. आम्ही गेलो तो दिवस नव्हता.

तिथल्या एका म्हाताऱ्या स्वयंसेवकाला विचारलं, मधली तीन वर्षं बंद का? तो हसला. ‘निवडणूक,’ म्हणाला. क्लीव्हलंड राष्ट्राध्यक्ष झाले आणि १८८५ साली नाणी पाडणं थांबलं. हॅरिसन आले आणि १८८९ साली पुन्हा सुरू झालं, तेही वर्षाच्या शेवटच्या काही महिन्यांत. १८८९चे कमी का, याचं निम्मं उत्तर तिथेच मिळालं. १८९३ साली नाणी पाडणं कायमचं थांबलं. दोन वर्षांनी आतल्याच माणसांनी सोनं लांबवल्याचं प्रकरण उघडकीला आलं, आणि टांकसाळीची अब्रूही गेली.

परत येताना घाटात वळणावळणाला मुलीला उलट्या. प्रकल्पाचा हाही खर्च.

९ जून

पहिला फाटा फुटायची वेळ आली. एका ताटलीत कार्सनचाच ‘ट्रेड डॉलर’ दिसला, चीनच्या व्यापारासाठी पाडलेला. त्यावर चिनी सराफांनी खरेपणाची खूण म्हणून ठोकलेले बारीक शिक्के. हात शिवशिवले.

अशा व्यापारी डॉलरांशी आपलाही संबंध आहे. इंग्रजांनी अतिपूर्वेच्या व्यापारासाठी १८९५ पासून स्वतःचा ट्रेड डॉलर काढला. त्यातला मोठा वाटा मुंबईच्या टांकसाळीत पडला. त्रिशूळ धरून उभ्या असलेल्या ब्रिटानियाच्या त्रिशुळावर अगदी बारीक ‘बी’ असतो, तो बॉम्बेचा. फोर्टातल्या टांकसाळीत पडलेलं नाणं हाँगकाँगच्या बाजारात वाजत होतं.

पण नाही. तेरा म्हणजे तेरा. ताटली परत केली.

३ ऑगस्ट

ही नोंद लिहायची इच्छा नाही, म्हणून आधी लिहितो.

रविवारच्या जुन्या बाजारात एकाकडे १८८९ दिसला. मागे ‘सीसी’. घासलेला. भाव खऱ्याच्या निम्म्यालाही नाही. तिथेच शहाण्याने पाठ फिरवली असती. मी वजनकाटा काढला : २६.५. झीज धरली तर बरोबर. लोहचुंबक लावलं, चिकटत नाही. बोटावर तोलून नखाने वाजवलं, आवाज खणखणीत. ४५० डॉलर रोख देऊन आलो. गाडीत शिट्टी वाजवत होतो.

घरी पाण्यात टांगून वजन केलं. नव्वद टक्के चांदीचा धड डॉलर पाण्यात साधारण २.६ ग्रॅमने हलका भरायला हवा. भरला. म्हणजे चांदी खरी. मग दहापट भिंगाखाली धरला.

आजूबाजूची सगळी अक्षरं झिजून सपाट झालेली, आणि ‘सीसी’ मात्र टुकटुकीत उभे. दुसरी गोष्ट, खऱ्या नाण्यात अक्षर पृष्ठभागातून वर उगवलेलं असतं, एकाच धातूचा उंचवटा. इथे ‘सीसी’च्या पायाशी केसाएवढी रेघ आणि भोवती किंचित वेगळा रंग. अक्षरं उगवलेली नव्हती, आणून चिकटवलेली होती.

आता कळतं ते किती सोपं आहे. फिलाडेल्फियाने त्याच वर्षी २ कोटी १७ लाख पाडले आणि त्यावर टांकसाळीची खूणच नाही. तिथली जागा मोकळी. असा स्वस्तातला अस्सल डॉलर घ्यायचा, गाठीखाली दोन अक्षरं बसवायची. वजन खरं, चांदी खरी, आवाज खरा, छाप खरी. खोटं फक्त दोन मिलिमीटर. मी केलेली प्रत्येक परीक्षा बरोबर होती, फक्त चुकीच्या प्रश्नाची होती. आजी म्हणायची, सराफ नाणं वाजवतो तेव्हा डोळे गिऱ्हाइकाकडे असतात. मी काट्याकडे बघत बसलो.

पुढच्या रविवारी तो माणूस तिथे नव्हता, हे सांगायला नको.

नवा नियम : १८७९, १८८९, १८९२, १८९३ ही चार वर्षं फक्त ग्रेडिंग कंपनीच्या, म्हणजे नाणं तपासून त्याची प्रत ठरवणाऱ्यांच्या, सीलबंद पेटीतच घ्यायची.

७ सप्टेंबर

चौथा रकाना. ‘गेले कुठे?’

गेले आठ दिवस रात्री हेच वाचतोय. उत्तर मिळालं आणि मी खुर्चीत सरळ झालो.

पहिलं महायुद्ध. हिंदुस्थानातून इंग्रजांनी धान्य, ताग, कापड असं काय काय उचललं, त्याचे पैसे रुपयांत द्यायचे होते. लोक रुपये घेत आणि घरात पुरून ठेवत. नोटेवर कुणाचा विश्वास? सरकारने १९१७च्या शेवटी एक रुपयाची नोट काढली, पाठोपाठ अडीच रुपयांची. दोन आण्यांचं नाणं चांदीऐवजी निकेल मिसळलेल्या धातूचं केलं, पुढे चार आणि आठ आण्यांचंही. तरी भागेना. १९१८च्या सुरुवातीला नोटा घेऊन लोक चांदी मागायला रांगा लावू लागले आणि सरकारी तिजोरीतले रुपये संपत आले. इंग्रजांनी अमेरिकेकडे हात पसरले.

अमेरिकेच्या तिजोऱ्यांत कोट्यवधी डॉलर पोत्यांत पडलेच होते, बिनकामाचे. २३ एप्रिल १९१८ला पिटमन कायदा झाला. त्याखाली २७,०२,३२,७२२ चांदीचे डॉलर आटवले गेले. १९०४ पर्यंत पाडलेल्या सगळ्या मॉर्गन डॉलरांपैकी जवळपास निम्मे. त्यातल्या २५,९१,२१,५५४ डॉलरांची चांदी इंग्रजांना विकली गेली, हिंदुस्थानासाठी.

आपल्यासाठी! मी इथे फॉल्सममध्ये बसून दोन अक्षरांसाठी वणवण करतोय, आणि ती नाणी आमच्याकडेच गेली होती. मुशीतून.

मग गंमत म्हणून हिशेब केला. डॉलरचं वजन ४१२.५ ग्रेन, नव्वद टक्के चांदी, म्हणजे शुद्ध ३७१.२५ ग्रेन. रुपया १८० ग्रेनचा, बारा भागांत अकरा भाग चांदी, म्हणजे शुद्ध १६५ ग्रेन. भागून बघितलं : बरोबर २.२५. एका डॉलरात सव्वादोन रुपये, कणभर इकडेतिकडे नाही. दोन देशांनी, दोन वेगळ्या शतकांत, एकमेकांना न विचारता ठरवलेली वजनं, आणि उत्तर सराफाच्या पोराने तोंडी सांगावं असं. त्या २५ कोटी ९१ लाखांचे ५८ कोटींवर रुपये होतात.

कोणत्या वर्षाचे, कोणत्या टांकसाळीचे किती आटवले, याची नोंद मात्र कुणी ठेवली नाही. पोती उचलली आणि भट्टीत ओतली. १८८९च्या साडेतीन लाखांपैकी किती त्यात गेले हे कायमचं मिटलेलं आहे. चौथा रकाना सगळ्या ओळींसाठी एकच : ‘बहुधा मुंबई किंवा कलकत्ता’.

८ सप्टेंबर

आमच्या कराडच्या देव्हाऱ्यात आजीचा एक रुपया आहे. दर लक्ष्मीपूजनाला तो आणि सुपारी. लहानपणी त्यावरचा मिशीवाला राजा म्हणजे कुणी देव असावा असं मला वाटे. पंचम जॉर्ज तो. आजी त्याला ‘बंदा रुपया’ म्हणायची. रात्रभर झोप नाही : तो रुपया १९१८चा असेल तर?

सकाळी (तिकडे रात्र) आईला फोन. ‘देव निजवलेत आता,’ म्हणाली. तरी उठून चष्मा लावला. फोटो पाठवला, पण हळदीकुंकवाखाली साल दिसेना. ‘आई, तू फक्त आकडा वाचून दाखव गं.’ ओल्या फडक्याने पुसलं, वाचलं.

१९१३.

पिटमन कायद्याच्या पाच वर्षं आधीचा. कार्सनशी त्याचा काडीचा संबंध नाही.

‘काय झालं? खोटा आहे का?’ आईचा आवाज घाबरा. म्हटलं, नाही गं, खरा आहे, अगदी खरा.

३ नोव्हेंबर

आई दिवाळीला इकडे आली आहे. रुपया बरोबर आणला नाही हे बरं केलं. शंभर वर्षांपुढचं नाणं भारताबाहेर नेऊ नये असा कायदाच आहे, हे मी आधीच सांगितलं होतं. रुपया नाही म्हटल्यावर लक्ष्मीपूजनाला काय ठेवायचं? मी ऑफिसात होतो. तिने कपाट उघडलं आणि त्यातल्या त्यात काळपट दिसणारं नाणं घेतलं. १८९०. गेल्याच महिन्यात घेतलेलं, कडेला निळसर-सोनेरी झाक असलेलं, या संग्रहातलं माझं सगळ्यात लाडकं.

मी आलो तेव्हा ते ताम्हनात होतं. पांढरंशुभ्र. दंतमंजन आणि अंगठा.

‘देवापुढे काळं नाणं कसं ठेवायचं रे?’

काय बोलणार? कोऱ्या नाण्यावर उजेड फिरवला की प्रकाशाचे आरे चाकासारखे फिरतात. साच्याच्या दाबाखाली धातू बाहेरच्या बाजूला पसरतो तेव्हा डोळ्याला न दिसणाऱ्या बारीक रेषा उमटतात, त्यांची ती करामत. दंतमंजनाने त्या रेषा खरवडून जातात आणि पुन्हा येत नाहीत. आता भिंगाखाली गोल गोल ओरखडे दिसतात, स्वातंत्र्यदेवीच्या गालावर सगळ्यात जास्त. तिथे काळं जास्त होतं ना.

पूजा छान झाली. नाण्याची किंमत आईला सांगितलेली नाही. एक्सेलमध्ये १८९० पुढे ‘धुतलेलं’ असं लिहिलं आणि मूळ नियम मोडून ते तसंच ठेवलं. ते बदलायचं नाही.

१८ जानेवारी २०२५

एकदम तीन. १८७९, १८९२, १८९३, तिन्ही पेटीबंद, तिन्ही बरेच घासलेले. १८८०, १८८१, १८८५ आणि १८९१ मधल्या काळात येऊन गेले, त्यांच्यावर वेगळी नोंद लिहिली नाही कारण ते सरळ आले. १८८५ कोरा आहे आणि १८७९पेक्षा कितीतरी देखणा. पण हातात घ्यावासा वाटतो तो १८७९च.

१८९३ला आणखी एक कहाणी आहे. रीनो गावात लाव्हेर रेडफील्ड नावाचा श्रीमंत आणि विक्षिप्त माणूस राहायचा. १९७४ साली तो वारला, तेव्हा घराच्या तळघरात चार लाखांवर चांदीचे डॉलर निघाले, काही खोट्या भिंतीमागे. १९७६ साली तो साठा एकगठ्ठा ७३ लाख डॉलरला विकला गेला. त्यात १८९३चे कार्सन डॉलरही होते, पण मोजताना यंत्रात घातले आणि कित्येकांच्या तोंडावर ओरखडे पडले. सरकारच्या भट्टीतून सुटले, म्हाताऱ्याच्या भिंतीमागे सुखरूप राहिले, आणि मोजणीत सापडले. आईचं दंतमंजन त्यापुढे फार काही नाही.

बारा झाले.

६ एप्रिल

दुसरा फाटा. टांकसाळ बंद झाल्यावर ‘सीसी’ कोरलेले न वापरलेले साचे फिलाडेल्फियाला परत गेले. टाकून कशाला द्यायचे, म्हणून त्यावर न्यू ऑर्लिन्सचा ‘ओ’ ठोकला आणि १९०० साली तिथे वापरले. त्या डॉलरवर भिंगाखाली ‘ओ’च्या आडून ‘सीसी’ डोकावतो. किंमतही आवाक्यातली. कार्सनचा चौदावा म्हणायचं का? बायको म्हणाली, ‘तेरा म्हणजे तेरा असं कोण म्हणालं होतं?’

घेतला नाही. अजून तरी.

१४ जून

१८८९चा एक पेटीबंद पाहिला. चेहरा सपाट, गरुडाला पिसं नाहीत, पण ‘सीसी’ स्पष्ट आणि नाण्यातूनच उगवलेला. दुकानदाराने किंमत सांगितली. मुलीच्या दातांच्या तारांचा हप्ता, कराडच्या घराचं गळणारं छप्पर आणि ही किंमत एका कागदावर लिहून पाहिली. कागद घडी करून खिशात ठेवला आणि पेटी परत दिली.

निघताना दाराजवळ परदेशी नाण्यांची ताटली होती. चांदीच्या भावाने, वजनावर. सवयीने चाळली. मेक्सिकोचे पेसो, कॅनडाची पाव डॉलरची नाणी आणि तळाशी एक ओळखीचा मिशीवाला. पंचम जॉर्ज, एक रुपया, १९१९. मागे तळाच्या कमळाखाली भिंग धरलं तर बारीक ठिपका. ठिपका असला की मुंबईची टांकसाळ, नसला की कलकत्ता.

त्यात कार्सनची चांदी आहे का? सांगता येत नाही. मुशीत सगळं एक होतं. पण साल बरोबर आहे आणि टांकसाळही. पैसे दिले आणि घेतला.

१५ जून

अल्बममध्ये तेरा खोबणी. १८८९ची रिकामी होती. रुपया त्यात घातला तर खुळखुळतो, खोबण ३८.१ मिलिमीटरची आणि रुपया ३०.५चा. आम्लविरहित पुठ्ठ्याची कडी कापली, बाहेरून ३८, आतून ३०.५. पहिली वाकडी कापली गेली, दुसरी मुलीने कापली. घट्ट बसला. खाली पट्टीवर आधी ‘१८८९’ लिहिलेलं होतं, ते खोडलं नाही. शेजारी पेन्सिलने ‘सव्वादोनपैकी एक’ असं लिहिलं.